परतीचं बी : बियाण्यांची देवघेव आणि गच्चीवरची बाग, कोथरूड (फेब्रुवारी ते एप्रिल २०२५)

२ फेब्रुवारी, रविवार

कामाची चौकट ठरली. कोथरूडमधल्या चार सोसायट्या, बियाण्यांचं एक सामायिक कपाट, महिन्यातून एकदा देवघेव. बी फुकट न्यायचं, हंगाम संपला की त्याच वाणाचं बी परत आणून द्यायचं.

पुण्यात या दिवसांत दोन कामं एकदम अंगावर येतात. थंडीतल्या मेथी, कोथिंबीर, पावटा, टोमॅटो यांचं बी आता धरावं लागतं आणि उन्हाळी भाज्याही आताच पेरायच्या असतात. पेरणी सगळ्यांच्या लक्षात राहते. बी धरायचं मात्र राहून जातं. मेथीला फुलं आली की ती उपटून कंपोस्टात जाते.

बी वाटणं सोपं आहे. अडचण येते परतीच्या बियाची. दुधीच्या फुलावर कोणत्या गच्चीवरचा पराग आला हे बी परत करणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून पिकांचे तीन गट केले आणि पाकिटांना तीन रंगांच्या पट्ट्या लावल्या.

हिरवी पट्टी : टोमॅटो, मेथी, वाटाणा, पावटा, घेवडा, चवळी, गवार. ही पिकं बहुतांशी स्वतःच्याच परागावर बी धरतात, त्यामुळे सरळ परत घ्यायची. पिवळी पट्टी : भेंडी, वांगी, मिरची. फूल उमलण्याआधी झाकलेलं असेल तरच परत घ्यायची. लाल पट्टी : सगळे वेल, शिवाय माठ, राजगिरा, मुळा, पालक, मका. वेलांचं बी हाताने परागीकरण करून खूण केलेल्या फळाचंच घ्यायचं. पालक, मका आणि मुळा यांचं परतीचं बी घ्यायचंच नाही. पालकाचा आणि मक्याचा पराग वाऱ्यावर जातो, मुळ्याचा मधमाश्या नेतात, आणि वाऱ्याला काय, मधमाश्यांना काय, सोसायटीची भिंत अडवत नाही. कोथिंबीरही परपरागी (दुसऱ्या झाडाच्या परागावर बी धरणारी) आहे, पण घरगुती वापरात तिच्या वाणांमधला फरक फारसा जाणवत नाही, म्हणून ती चालवून घेतली.

राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात घरातूनच बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. देशी वाण लोकांच्या हातात खेळते राहिले पाहिजेत, हे तिथून घेण्यासारखं. पण गावात दोन वाणांमध्ये शेतं सोडता येतात, गच्चीवर रोपांच्या दोन पिशव्यांमध्ये हातभर अंतर असतं. म्हणून इथे पट्ट्यांचा खटाटोप.

कायद्याबद्दल विचारणा झाली, त्याची नोंद : वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही हक्क आहे, संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही. इथे विक्रीच नाही.

५ फेब्रुवारी

जमा झालेलं बी निवडलं. तीन प्रकार लगेच बाजूला काढले.

गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बी. त्यावर बुरशीनाशकाचा लेप असतो. ते उघड्या हाताने चाळायचं नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही, देवघेवीत तर मुळीच नाही.

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेलं बी. घरी लावायला हरकत नाही, पण त्याच्या फळातलं बी पुढच्या पिढीत फुटतं : एक झाड उंच, दुसरं खुजं, फळं निराळ्याच आकाराची. असं बी कपाटात आलं की पुढे सगळ्या वाणावरचा विश्वास उडतो.

तिसरं, नुसतं ‘वांगी’ लिहिलेलं. कोणती वांगी? मांजरी गोटा की कृष्णाकाठची? पुण्याशेजारच्या मांजरी गावाच्या नावाचं, जांभळ्यावर पांढरे पट्टे असलेलं गोल वांगं ओळखता येतं. पाकिटातलं बी पाहून ओळखता येत नाही. नाव नसलेलं बी ‘ओळख पटेपर्यंत’ अशा वेगळ्या डब्यात ठेवलं.

चवळी आणि पावट्यात भुंगेरे सापडले. दाण्यावर गोल भोक म्हणजे भुंगेरा खाऊन बाहेर पडला. पांढरा ठिपका म्हणजे अंडं, आत अळी असू शकते. भोकाचे दाणे टाकले. बाकीचे आधी कडकडीत सुकवून, हवाबंद बरणीत आठवडाभर फ्रीझरमध्ये. ओलसर बी फ्रीझरमध्ये घातलं तर दाण्यातल्या पाण्याचा बर्फ होऊन कोंब मरतो, म्हणून सुकवणं आधी. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतली वाफ बसते. ज्यांना फ्रीझरची जागा देता येत नाही त्यांनी किलोला चमचाभर एरंडेल चोळावं. तुरीला, हरभऱ्याला आपल्याकडे हे करतातच. तेलकट दाण्यावर घातलेली अंडी फारशी जगत नाहीत.

९ फेब्रुवारी

उगवण चाचणी लावली. कागदी टॉवेलचा तुकडा भिजवून पिळायचा. त्यातून पाणी टपकता कामा नये. त्यावर प्रत्येक वाणाचे २० दाणे अंतर सोडून मांडायचे, गुंडाळी करायची, पेन्सिलीने नाव आणि तारीख (शाई पसरते), झाकणाच्या डब्यात उभी ठेवायची. भेंडी आणि गवार आधी रात्रभर भिजवलेली. कारल्याचं टरफल जाड असतं. टोकदार बाजूला नेलकटरने किंचित टवका काढून २४ तास भिजवलं.

डबे फरशीवर नकोत. पुण्यातल्या फेब्रुवारीच्या रात्री अजून गार आहेत. मिरची आणि वांग्याला २५ अंशांच्या पुढची ऊब लागते. स्वयंपाकघरातली वरची फळी बरी.

१७ फेब्रुवारी

चवळी १८, मेथी १७, टोमॅटो १५, भेंडी ११, गवार १४ (प्रत्येकी २० पैकी). मिरची आणि वांगी आज मोजायची नाहीत, त्यांना चौदा दिवस द्यायचे. आठव्या दिवशी ‘मिरची मेली’ म्हणून डबा रिकामा करणं ही नेहमीची घाई.

प्रमाणित बियाण्याला उगवणीची किमान अट भेंडीसाठी ६५ टक्के, टोमॅटोसाठी ७०, मिरचीसाठी ६० आहे. आमची भेंडी ५५ वर आली. ती टाकायची नाही. पाकिटावर ‘दोन-दोन दाणे टोका’ असं लिहायचं आणि यंदाच नवीन बी धरायचं. निम्म्याखाली उतरलेलं बी कपाटात ठेवण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या वर्षी ते आणखी उतरणार आणि उगवतील ती रोपंही मरगळलेली असणार.

साठवणीबद्दल एकच हिशेब लक्षात ठेवावा. बियातला ओलावा एका टक्क्याने उतरवला की आयुष्य साधारण दुप्पट, साठवणीचं तापमान सुमारे ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. पुण्यात मार्च-एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की सुकवायला वेगळी सोय लागत नाही : सावलीत, सुपात, कापडावर. ऊन द्यायचंच तर सकाळी नऊपर्यंतचं. दुपारच्या तापलेल्या गच्चीवर, स्टीलच्या ताटात ठेवलेलं बी भाजून निघतं. खरा धोका जूनपासून, तेव्हा उघडी बरणी आठवडाभरात दमट होते.

१८ फेब्रुवारी

पिशव्या भरायचं सामान. बदाम आणि पिंपळाची पानगळ चालू आहे, पर्जन्यवृक्षाची बारीक पानं रस्त्याकडेला साचली आहेत. ती पेटवू देण्यापेक्षा पोत्यांत भरून आणली. पर्जन्यवृक्षाची पानं लवकर कुजतात. आंब्याची चिवट पानं वर्षभर तशीच राहतात, ती आच्छादनाला.

मिश्रण घमेल्याने मोजलं : २ घमेली गाळलेली माती, २ घमेली पक्कं कंपोस्ट, १ घमेलं अर्धवट कुजलेली पानं. कोथरूडकडची काळी माती चिकट, सुकल्यावर भेगाळते, म्हणून तिच्यात अर्धं घमेलं जाड वाळू जास्त. प्रत्येक पिशवीत १०० ग्रॅम निंबोळी पेंड. पेंड घातल्यावर लगेच पेरायचं नाही. पिशवी ओली करून आठ-दहा दिवस ठेवायची, कारण पेंड कुजताना मिश्रण तापतं आणि कोवळी मुळं करपतात.

कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) टाळलं. ते वाईट नाही, पण विकत आणून, क्षार जाईपर्यंत भरपूर पाण्याने धुऊन घेण्यापेक्षा दारातली पानं परवडतात.

गच्चीवरचं वजन : १२ इंची पिशवीत भिजल्यावर १५ ते १८ किलो भरतं. चौरस मीटरमध्ये चिकटून नऊ पिशव्या बसतात, म्हणजे १५० किलोच्या आसपास. वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भारही दर चौरस मीटरला १५० किलोच्या जवळपासच आहे, आणि त्यात माणसांचं वजनही आलं. म्हणून पिशव्या कठड्याच्या कडेने, खाली बीम असेल तिथे, अंतर सोडून. स्लॅबच्या मधोमध नाही. प्रत्येकीखाली दोन विटा, म्हणजे खालची फरशी सुकते आणि गळती असली तर दिसते.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिली देवघेव. मिरची २० पैकी १३, वांगी १४. दोन्ही आज वाटायला घेतली.

पाकिटं अप्पा बळवंत चौकातल्या साध्या खाकी कागदाची. प्लॅस्टिकच्या पिशव्या नाहीत, अर्धवट सुकलेलं बी त्यात घामेजतं. प्रत्येक पाकिटात टोमॅटो, वांगी, मिरची २५ दाणे, भेंडी, गवार, चवळी २०, वेलभाज्या ६, माठ अर्धा चमचा. एका घराला वेलांची दोनच पाकिटं, कारण सहा वेल लावणाऱ्याकडे सहा वेलांना पुरेल एवढं पाणी एप्रिलमध्ये नसतं.

पाकिटावर काय हवं : वाणाचं नाव, बी धरल्याचा महिना-वर्ष, किती झाडांवरून धरलं, उगवण आणि पट्टीचा रंग. ‘किती झाडांवरून’ हा रकाना भरायला लोक कंटाळतात. टोमॅटोच्या पाच-सहा झाडांचं बी पुरतं, पण राजगिऱ्यासारख्या, पराग एकमेकांत मिसळणाऱ्या पिकाचं दोन झाडांवरून धरलेलं बी काही पिढ्यांत दुबळं होत जातं. इथेच चार सोसायट्यांचा उपयोग : चार गच्च्यांवरचं एकाच वाणाचं बी एकत्र मिसळलं की झाडांची संख्या आपोआप भरते.

मेथी, कोथिंबीर आजही मागितली गेली. आता लावली तर मेथी पंधरा दिवसांत जुडीभर पाला देते आणि उन्हाने पिवळी पडते, तेवढ्यासाठी चालेल. धणे दोन फाकांत रगडून, रात्रभर भिजवून, सावलीत पेरायचे. मार्चच्या उन्हात कोथिंबीर उगवायला कुरकुर करते.

२ मार्च

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं करवंट्यांमध्ये. तळाला भोक, बी अर्धा सेंटिमीटर खोल. भेंडी, गवार, चवळी आणि सगळे वेल थेट पिशवीत; त्यांच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही.

रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडली की लोक पाणी वाढवतात आणि राहिलेलीही जातात. ही बुरशी आहे, तिला ओलच हवी असते. बी विरळ पेरा, पाणी सकाळी आणि ताटलीतून खालून द्या, कंपोस्टच्या किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

१५ मार्च

होळीची राख बियाण्यात घालायला आणू नये. चौकातल्या होळीत रंग दिलेली लाकडं, प्लायवूड, टायरसुद्धा जातात. बियाण्याला चुलीतली, निव्वळ लाकडाची राख लागते, चाळलेली आणि कोरडी.

२३ मार्च, रविवार

थंडीतल्या पिकांचं बी काढलं. आजचं काम सगळ्यात मोठं.

टोमॅटो : झाडावरच पूर्ण लाल, किंचित मऊ झालेली फळं, वेगवेगळ्या झाडांची. गर बियांसकट काचेच्या ग्लासात काढायचा, पाणी घालायचं नाही किंवा अगदी थोडं. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. ती आंबवून सुटतात. दिवसातून दोनदा ढवळायचं. पुस्तकी सल्ला तीन दिवसांचा, पण तो थंड हवेतला. पुण्याच्या मार्चमध्ये दीड दिवसात वर पांढरी साय येते. तेव्हाच धुवायचं, त्यापुढे ठेवलं तर बी ग्लासातच मोड काढतं. पाणी ओतलं की पोकळ बी तरंगतं, ते सोडून द्यायचं. सुकवायला कागद नको, बी चिकटून बसतं. चिनी मातीची बशी किंवा मलमल.

वांगी : भाजीचं वांगं बियाण्याचं नाही. ते झाडावर पिवळं-तपकिरी, निबर होईपर्यंत ठेवायचं. किसून पाण्यात चोळलं की बी तळाशी बसतं.

मिरची : लाल, सुरकुतलेली. हातमोजे घाला, डोळे चोळू नका. शेजारच्या पिशवीत ढोबळी मिरची असेल तर हे बी घेऊ नये. दोन्ही एकाच जातीच्या, संकर सहज होतो आणि पुढच्या वर्षी ढोबळी तिखट निघते.

मेथी : शेंगा पिवळ्या पडल्या की झाड मुळासकट उपटून उलटं टांगायचं, खाली जुनं धोतर. पावटा : शेंग हाताने चुरली की फुटावी.

मोझॅकची (पानावर फिकट-गडद चट्टे, सुरकुत्या) लागण झालेल्या टोमॅटो आणि चवळीचं बी धरायचं नाही. या पिकांत काही विषाणू बियातूनही पुढे जातात. तशी तीन झाडं दिसली, उपटली.

३० मार्च, गुढीपाडवा

कडुनिंबाला मोहोर भरपूर आहे. पाकळ्या आज ताटात, निंबोळ्या जूनमध्ये. तेव्हा गोळा करून सावलीत सुकवायच्या आहेत, म्हणजे पुढच्या वसंतातला अर्क घरचा होईल. गेल्या पावसाळ्यातल्या निंबोळ्यांचा अर्क आता जेमतेम कामाचा उरतो, जोर ओसरत जातो.

६ एप्रिल

लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आला. भेंडी आणि वांग्याच्या पानांवर वरून बारीक पांढुरके ठिपके, खालून जाळं. कोरड्या, तापलेल्या हवेत तो झपाट्याने वाढतो. आधी पाणी : सकाळी पानांच्या खालच्या बाजूला जोराचा फवारा, लागोपाठ तीन-चार दिवस. तेवढ्याने बहुधा आटोक्यात येतो. गंधकाची भुकटी वेलांवर या उन्हात टाकू नये, पानं भाजतात.

निंबोळी अर्क : लिटरला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण किंवा रिठ्याचं पाणी घालून त्याच दिवशी, सूर्य कलल्यावर. निंबोळी तेल असेल तर लिटरला ५ मिली. ते सकाळी फुलांवर मारायचं नाही, तेव्हा मधमाश्या कामावर असतात.

पांढरी माशी वाढली आहे, पाठोपाठ भेंडीवर हळद्या : शिरा पिवळ्या, मग अख्खं पान पिवळं. हा रोग बियातून जात नाही, तरी लागण झालेल्या झाडाचं बी घेऊ नये. रोगाला बळी पडणारा वाण आपणच निवडत जातो. ‘परभणी क्रांती’ या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाच्या पिशव्या शेजारीच आहेत आणि अजून स्वच्छ आहेत. त्याचंच बी धरायचं.

पाणी : दोन इंच वाळल्या पानांचं आच्छादन. मोठ्या पिशव्यांत कुंभारवाड्यातून आणलेली, झिलई नसलेली छोटी मडकी गळ्यापर्यंत पुरली, तोंडावर पणती. तळाला भोक पाडायचं नाही, पाणी भिंतीतून पाझरतं. कोरड्या पिशवीत ते लवकर रितं होतं, ओल्या पिशवीत सावकाश. बोअरच्या जड पाण्याने काही महिन्यांत छिद्रं बुजतात, मग मडकं व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून घासावं. आरओचं वाया जाणारं पाणी रोपांना नको, क्षारांची पांढरी साय मातीवर दिसायला लागते. ते गच्ची धुवायला.

१३ एप्रिल

फुलं झाकली. भेंडी, वांगी, मिरचीसाठी जाळीच्या छोट्या पोटल्या : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण भरून दिलेल्या, तुळशीबागेत मिळतात त्याच. प्रत्येक घरात चार-दोन पडून असतात. भेंडीची कळी उद्या उमलणार हे टोकाला पिवळा रंग दिसला की कळतं. आज संध्याकाळी झाकायची. ती आतल्या आत फळ धरते. शेंग बोटभर झाली की पोटली काढून देठाला लाल दोरा. दोऱ्याची शेंग कोणी तोडायची नाही. पहिल्या तीन-चार शेंगा खाऊन, पुढच्या बियाण्याला. सगळ्यात शेवटच्या ठेवल्या तर पावसाला गाठ पडते आणि शेंग उघडण्याआधी कुजते.

वेल : मादी फुलामागे इवलं फळ असतं, नराचा नुसता देठ. दोन्ही कळ्या उमलण्याआधी दोऱ्याने बांधायच्या, उमलायच्या वेळी सोडून नराच्या पाकळ्या काढून पराग मादीवर टेकवायचा, पुन्हा बांधायचं. वेळ चुकली की फळ धरत नाही. काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी लवकर. दुधी संध्याकाळी उमलतो आणि दोडकाही दिवस कलल्यावर. दुधीची फुलं सकाळी शोधणाऱ्याला चुरगळलेल्या पाकळ्या मिळतात.

काकडीजवळ कारलं लावल्याने काकडी कडू होते, हा समज खोडून काढावा लागला. त्यांचा एकमेकांशी संकर होत नाही. काकडी कडवटते ती उन्हाने आणि पाण्याच्या ओढाताणीने. दोडका आणि घोसाळी मात्र जवळची नाती, त्यांना वेगळं ठेवावं.

दुधीबाबत सक्त नियम : कडू लागला तर खायचा नाही, रस तर मुळीच नाही, आणि त्याचं बी कपाटात येता कामा नये. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत. कडवेपणा संकरातून पुढच्या पिढीत उतरतो आणि फळ दिसायला अगदी नेहमीसारखं असतं. म्हणून परत येणाऱ्या दुधीच्या पाकिटावर ‘चाखला, गोड’ असं लिहिलेलं हवं. चाखायचं म्हणजे कोवळ्या फळाचा काप जिभेला लावून थुंकायचा. बियाण्याचं फळ वाळवायचं असतं, म्हणून त्याच वेलाचं दुसरं फळ चाखायचं.

२० एप्रिल, रविवार

परतीची पहिली नोंद. मेथी, टोमॅटो आणि पावटा परत आला, धणेही. मेथी भरपूर, पण निम्म्या पाकिटांत काड्या आणि माती. पुढच्या वेळी सूप कपाटाशेजारीच ठेवायचं, पाखडल्याशिवाय घ्यायचं नाही. टोमॅटोचं बी दोन पाकिटांत एकमेकांना चिकटलेलं, म्हणजे न आंबवता सुकवलेलं. ते चोळून सुटं केलं; उगवण पाहून ठरवू.

मुळ्याचं बी तिघांनी आणलं, पट्टीचा नियम सांगून परत दिलं. नाराजी झाली. पण मोगरीसाठी, म्हणजे कोवळ्या शेंगांच्या भाजीसाठी, ते त्यांना घरी लावता येईल. कपाटात एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

वेलांची आळी आजच्या मुहूर्तावर करण्याची पद्धत आहे आणि ती हिशेबातही बसते : आता लावलेला वेल पाऊस सुरू होईपर्यंत मुळं धरून मांडवावर चढलेला असतो. लाल भोपळा, घोसाळी आणि कारल्याची राखीव पाकिटं वाटली. सर्व लाल पट्टीची, मुख्यतः खाण्यासाठी.

मेमधली कामं : दोऱ्याच्या भेंड्या शिरांवर तडकल्या की काढणे, ‘ओळख पटेपर्यंत’ डब्यातल्या बियांच्या वांग्यांना फळं आली की त्यांचे फोटो पाकिटांना जोडणे, कपाट बाहेरच्या भिंतीपासून हलवणे, पावसाळ्यात तिथे ओल येते. प्रत्येक बरणीत फडक्यात बांधलेला मूठभर भाजलेला, गार झालेला तांदूळ ओलावा शोषायला ठेवायचा आणि दर महिन्याला बदलायचा. परत आलेल्या टोमॅटोची चाचणी ४ मे रोजी लावायची.